खालची पाच नावं

चर्चच्या बाजूच्या खोलीत बेचाळीस वस्तू होत्या. छायाचित्रं अकरा, मनोऱ्याचे आराखडे नऊ, प्रार्थनेची पुस्तकं सात, त्यांतली दोन वाळवीनं निम्मी वाचून संपवलेली. रंगीत काचेचे तुकडे सहा. चाव्या तीन, पण त्या लागतील असं कुलूप एकही नाही. मेणबत्त्यांचे पितळी स्टँड दोन, बाक एक, मनोऱ्यातल्या घड्याळाचा मोठा काटा एक, आणि खाली काढलेल्या जुन्या घंटेचा लोलक आणि दोर. त्रेचाळिसावी वस्तू अजून चर्चच्या भिंतीवरच होती. ती काढून आणली की प्रदर्शन पुरं होणार होतं.

ही मोजदाद फूटपट्टीची. तिचं खरं नाव कॉलेजच्या कागदांवर होतं. घरी आणि आता चर्चमध्येही ती फूटपट्टीच. सहा वर्षांची असताना वाढदिवसाचा केक तिनं पट्टी लावून कापला होता आणि तरी एका तुकड्यावरून रडारड केली होती, तेव्हापासून मावशीनं दिलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. यंदा ती पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली. नोकरीचे अर्ज टाकून घरी बसली होती, तर मावशीनं परस्पर तिला या कामाला जुंपून टाकलं. "आमची पोरगी रिकामीच आहे," असं मावशी म्हणाली होती. पुढे "हुशार आहे" असंही म्हणाली असावी, पण ते फूटपट्टीच्या कानावर आलं नाही.

प्रदर्शनाचे मुख्य होते मास्तर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, आणि बोलायला लागले की समोरच्याला वर्गात बसल्यासारखं वाटायला लावणारे. प्रत्येक वस्तूशेजारी लावायच्या चिठ्ठ्या ते स्वतः लिहीत. बेचाळीस लिहून झाल्या होत्या. त्रेचाळिसाव्या वस्तूची त्यांनी सगळ्यात आधी लिहिली होती, कारण ती त्यांची लाडकी होती.

"ऐक," ते म्हणाले आणि चष्मा सारखा करून वाचू लागले. "मरणातही पायरी. मनोरा बांधताना परांची कोसळून चौदा जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी लावलेल्या या पितळी पाटीवर प्रमुख कारागिरांची नावे खोल उमटवली, मजुरांची उथळ. म्हणून आज वरची नावे वाचता येतात, खालची नाहीत. काय? कसं वाटतं?"

"छान आहे. उथळ उमटवली हे कशावरून, मास्तर?"

"अगं, दिसतंय की डोळ्यांना! वरची पाच लख्ख, मधली चार कशीबशी, खालची पाच गायब. आणि वर गवंड्यांचा मुकादम, खाली ओझी वाहणारे. आणखी पुरावा काय हवा?"

खालच्या पाचांची नावं दुसरीकडे कुठेही नव्हती. चर्चच्या जुन्या नोंदवह्या एका पुरात गेल्या त्या गेल्याच. चौदा हा आकडा जुन्या लोकांच्या तोंडी नसता तर पाच माणसं होती हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

मास्तरांचं म्हणणं फूटपट्टीला पटण्यासारखं वाटलं. जगात असंच चालतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण पटणं आणि मोजणं यांत फरक असतो, आणि तो फरक एकदा डोक्यात शिरला की तिला जेवण गोड लागत नसे.

पाटीची देखभाल मावशीकडे होती. तिच्याआधी तिच्या आईकडे, म्हणजे फूटपट्टीच्या आजीकडे. दर शनिवारी बाक पुसून, फरशी धुऊन झाली की मावशी शेवटी पाटीकडे वळे. पत्र्याच्या डब्यात विटेची बारीक चाळलेली भुकटी, एक ओलं फडकं, एक कोरडं. बाही वर सारून ती अशी काही घासायची की पाटीत खुशाल आपलं तोंड बघावं. पूर्ण इमारतीत एवढं चकचकीत दुसरं काही नव्हतं, आणि याचा मावशीला जो अभिमान होता तो ती लपवत नसे.

त्या शनिवारी फूटपट्टी बाकावर बसून बघत होती.

"स्टूल का घेत नाहीस गं? वरपर्यंत हात तरी पुरेल."

"स्टूल?" मावशीनं मान वळवून असं पाहिलं की जणू पोरीनं चर्चमध्ये चप्पल भिरकावली. "उंचावरून पडून गेलेली माणसं आहेत ही. त्यांच्यापुढे चढून उभं राहायचं नाही. तुझी आजी सांगायची. पाय जमिनीवर, हात पुरेल तेवढं."

"आणि हात पुरत नाही तिथं?"

"तिथं फडकं फिरवते नुसतं. आपल्या घराण्यात उंचीचा दुष्काळ, त्याला मी काय करू? तू तरी कुठं ताडमाड वाढलीस!" मावशी परत घासू लागली. खांद्याचा जोर लावून, गोल गोल. "आणि वरच्यांना गरजही नसते. थोरले आहेत ते, आपले ठणठणीत. हे धाकटे मळतात गं. मी हातात घेतली तेव्हाच फिके झाले होते. आता तर बघ, डोळे फाडले तरी दिसत नाहीत. म्हणून यांना दुप्पट घासते. आणि हे शेवटचं शेंडेफळ तर भारीच चिवट. किती घासलं तरी वर म्हणून येत नाही."

शेंडेफळ म्हणजे चौदावी ओळ. फूटपट्टीनं तिथं पाहिलं. गुळगुळीत पितळ होतं, आणि त्यात मावशीचा चेहरा.

सोमवारी सुतार आला. चर्चचे बाक, दारं, खिडक्या हाच दुरुस्त करत असे. स्क्रू बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"हे पिळणाऱ्याला परत कधी काढायचेत असं वाटलेलं दिसत नाही. पोरी, खालून धर. सुटली तर पायावर घेऊ नकोस, तुझी मावशी आधी पाटीचं काय झालं हे विचारेल."

चारपैकी तिसरा स्क्रू निघाला आणि पाटी खाली सरकली. फूटपट्टीनं ती दोन्ही हातांवर झेलली. पाटी तिला वाटली होती तेवढी जड नव्हती, पत्रा पातळच होता. आणि पाटीच्या पाठीशी गेलेल्या बोटांना काहीतरी लागलं. बारीक बारीक, घामोळं आल्यासारखं.

"थांबा हं. हलवू नका."

चौथा स्क्रू काढून दोघांनी पाटी बाकावर पालथी ठेवली. पाठ तपकिरी, काळवंडलेली होती. भिंतीच्या बाजूला असल्यानं तिला कधी कुणाचा हात लागला नव्हता. फूटपट्टीनं मोबाइलचा दिवा पेटवून तो पाटीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. तेव्हा त्या तपकिरी पितळावर सावल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. चौदा ओळी.

"ही कुठली भाषा?" सुतार वाकून म्हणाला.

"आपलीच. उलटी आहे." तिनं फोटो काढला आणि पडद्यावर तो डावी-उजवी बाजू बदलून घेतला. "नावं कोरलेली नाहीत, ठोकलेली आहेत. खाली मऊ लाकूड ठेवायचं आणि एकेका अक्षराचा ठसा वरून हातोडीनं मारायचा. पुढून खड्डा पडतो, मागून उंचवटा येतो."

"म्हणजे मागची नावं शाबूत?"

"सगळी."

सुतार एक एक नाव मोठ्यानं वाचत गेला. दहावं. अकरावं. बारावं. तेराव्यापाशी तो थांबला आणि चौदावं वाचून पुन्हा तेराव्यावर आला. दोघांचं आडनाव एकच होतं.

"भाऊ असतील," तो म्हणाला.

"किंवा बाप-लेक."

"किंवा नुसतेच एका गावचे."

फूटपट्टीला खरं तर आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. पण तिचं बोट मात्र पाठीवरून फिरत राहिलं होतं. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, मग परत वर. उंचवटे सगळीकडे सारखे होते. मुकादमाच्या नावाला जेवढी हातोडी बसली होती, तेवढीच शेंडेफळाच्या नावाला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेला एक मायक्रोमीटर तिच्या पिशवीत असे. पत्रा त्याच्या दोन जबड्यांत धरायचा, मूठ फिरवायची आणि जाडी वाचायची. वरच्या कडेला तिनं तीन ठिकाणी मोजलं. १.६२ मिलिमीटर. खालच्या कडेला तीन ठिकाणी. १.३१. वरच्या ओळीतलं अक्षर पाव मिलिमीटर खोल होतं. खालून पावापेक्षा जास्तच पितळ गेलं होतं. अक्षरं ज्या थरात होती तो थरच उरला नव्हता.

ती उठून रिकाम्या भिंतीसमोर गेली. स्क्रूच्या चार भोकांच्या मधे, पाय जमिनीवर ठेवून उभी राहिली आणि हवेत फडकं फिरवल्यासारखा हात फिरवला. खांद्याचा पूर्ण जोर लागत होता तो बरोबर खालच्या पाच ओळींवर. मधल्या चारांपर्यंत निम्मा जोर. वरच्या पाचांना बोटांची टोकं तेवढी लागत होती.

"काय करतेस?" सुतारानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि हात खाली घेतला.

मास्तर फोटो बघून खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. पाचही नावं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. मग फूटपट्टीनं उंचवट्यांचं सांगितलं, जाडीचं सांगितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे माझी पायरी गेली."

"हो. सगळ्यांना सारखंच ठोकलंय."

"चांगली होती गं चिठ्ठी." त्यांनी तो कागद हातात घेऊन एकदा मनातल्या मनात वाचला, दुमडला आणि खिशात टाकला. "जाऊ दे. चूक ती चूक. पण मग खालची गेली कशानं?"

फूटपट्टीनं खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात मावशी जिन्याच्या पायऱ्या झाडत होती आणि सुताराला भुसा सांडल्याबद्दल फैलावर घेत होती. मास्तरांचा चेहरा बदलला.

"अरे देवा," ते म्हणाले.

"आजीनं सुरुवात केली असेल. मावशीची एकतीस वर्षं. फिकं दिसलं की ती जास्त जोरात घासते."

"तिला माहीत आहे?"

"नाही. मळतात असं समजते. तिच्या लेखी ती त्यांना वाचवतेय."

रविवारी उद्घाटन होतं. मावशी पहिल्या रांगेत बसणार होती. फादर तिला पुढे बोलावून तिचे आभार मानणार होते, आणि ते पाटीसमोर उभं राहूनच. त्यासाठी तिनं कपाटातली निळी साडी आधीच बाहेर काढून ठेवली होती.

"असं लिहू," मास्तर घसा साफ करून म्हणाले. "काळाच्या ओघात खालची पाच नावे झिजली होती, पाटीच्या मागील बाजूवरून ती पुन्हा वाचता आली. खोटं नाही हे."

"काळ झिजवत नाही, मास्तर. घर्षण झिजवतं."

"मग तू जाऊन सांग मावशीला घर्षणाचं."

पाव मिलिमीटरसाठी हुज्जत घालणारी ती, पण या ओळीला तिनं मान डोलावली. रात्री मात्र तिला जेवण गोड लागलं नाही.

शुक्रवारी पाटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. सुतारानं लाकडाची अशी चौकट केली होती की पुढूनही बघता यावं आणि मागूनही. मागच्या बाजूला तिरपा दिवा आणि समोर एक आरसा होता. मावशीला वाचायचा कंटाळा म्हणून मास्तरांनी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं कंबरेवर हात ठेवून ऐकली.

"काळाच्या ओघात?" ती म्हणाली. "काळ कुठून आला? दर शनिवारी तर मीच यायचे."

मास्तर हसले. फूटपट्टीला हसता आलं नाही, आणि मावशीनं ते टिपलं. पोरीला लहानाचं मोठं केलेलं, तिचा चेहरा तिला चिठ्ठीपेक्षा लवकर वाचता येत होता.

"आणि काळानं वरच्यांना का सोडलं मग? वशिला होता त्यांचा?"

"मावशी, चल, चहा घेऊ आधी."

"चहा गेला खड्ड्यात. फूटपट्टी, मी तुला विचारतेय."

फूटपट्टीनं तिला सांगितलं. उभ्या उभ्या, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. विटेची भुकटी म्हणजे बारीक दगडच, दर वेळी ती पितळाचा एक न दिसणारा थर नेते. हात पोचतो तिथं जास्त नेते. हे आजीपासूनचं आहे, एकट्या तुझं नाही. मावशीनं एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराआड घेतला.

"म्हणजे ते मळत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मी जेवढं जास्त घासलं..."

"हो."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी!" मावशीचा आवाज चढला. "आज शुक्रवार! चार दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलीस आणि गप्प राहिलीस? सगळ्या जगाला पट्ट्या लावत फिरतेस, केकच्या तुकड्याला लावलीस, आणि मावशीची वेळ आली तर काळाच्या ओघात? मी काय म्हातारी झाले म्हणून मला गुळचट औषध पाजता काय दोघं मिळून?"

"मावशी, चूक माझी..." मास्तर पुढे झाले.

"तुम्ही बसा मास्तर, तुमचा वर्ग नाही हा."

मास्तर खरोखरच बसले, तेही प्रदर्शनातल्या बाकावर, ज्यावर बसू नये अशी चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.

मावशी चौकटीला वळसा घालून मागे गेली. तिरप्या उजेडात ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग बोट पुढे केलं आणि मधेच थांबवलं.

"हात लावला तर चालेल?"

"हळू लावला तर काही होत नाही."

तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. एक एक अक्षर चाचपत, आरशात बघत, लहान मुलासारखं जोडत जोडत तिनं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग तेरावं वाचलं.

"आडनाव एकच आहे."

"हो."

"भाऊ असणार. मोठा वर आहे."

"सांगता येत नाही, मावशी. नातं असेलच असंही नाही."

"तू नको सांगूस." तिनं नाक पुसलं. खोलीतून निघून गेली, आणि मागून झाडूचा आवाजही आला नाही.

रात्रीपर्यंत ती फूटपट्टीशी बोलली नाही. सकाळी शनिवार होता. फूटपट्टी चर्चमध्ये आली तेव्हा मावशी खोलीत आधीच हजर होती. बाक पुसलेले होते, फरशी ओली होती. चौकटीशेजारच्या रिकाम्या टेबलावर तिनं पत्र्याचा डबा ठेवला होता, आणि त्यावर घडी करून फडकं.

"हे इथं मांड," ती म्हणाली. "त्रेचाळीस म्हणत होतीस ना? आता चव्वेचाळीस कर."

"मावशी, याची गरज नाही."

"तुला नसेल. लोक विचारतील, झिजली कशी, तर दाखवायला नको? आणि ती चिठ्ठी बदला. मास्तर, लिहा." मास्तर दारातच उभे होते. त्यांनी निमूटपणे पेन काढलं. "खालची नावं दर शनिवारी घासल्यामुळे गेली. घासणारीला वाटायचं, मळली आहेत. एवढंच. माझं नाव घालू नका, पण कुणी विचारलं तर मी इथं उभी आहे, सांगेन."

"आजीचं घालू?" फूटपट्टीनं विचारलं.

"तिचं कशाला? ती काय बचाव करायला येणार आहे?" मावशी म्हणाली, आणि गेल्या दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू दिसलं, तेही अर्धंच.

रविवारी ती निळी साडी नेसून आली. फादरनी आभार मानायला बोलावलं तेव्हा उठली, पण पाटीच्या पुढे उभी राहिली नाही. वळसा घालून मागे गेली आणि तिथून पाच नावं मोठ्यानं वाचली. चौदावं वाचताना ती एकदा अडखळली. नंतर एका बाईनं डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही घासणारी कोण हो?" त्यावर मावशी म्हणाली, "समोर आहे. या, तुम्हाला दाखवते कसं घासू नये ते."

आठवडाभराचं प्रदर्शन महिनाभर चाललं, आणि मग कुणालाच ते उचलावंसं वाटलं नाही. पाटी त्या चौकटीतच राहिली. फूटपट्टीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सहा महिन्यांनी ती सुट्टीवर आली तेव्हा पिशवीत मायक्रोमीटर होता.

पाटीची चकाकी गेली होती. पुढची बाजूही आता मागच्या बाजूसारखी तपकिरी होऊ लागली होती. मावशी शेजारी दिवा धरून उभी राहिली, दुसरा हात पाठीमागे घेऊन.

"कोरड्या मऊ फडक्यानं धूळ तेवढी झटकते," ती म्हणाली. "खरं सांगू? हात शिवशिवतात गं. लोक म्हणतात, काळी पडली, आळशी झालीस मावशी. ऐकून घेते. बरं, लाव तुझं ते यंत्र."

"वरून सुरू करू?"

"थोरल्यांचं राहू दे. शेंडेफळापाशी लाव."

फूटपट्टीनं खालच्या कडेला मायक्रोमीटर लावला, मूठ हलकेच फिरवली आणि आकडा वाचला. मग आणखी दोन ठिकाणी लावून वाचला. तिन्ही ठिकाणी १.३१ मिलिमीटर.